मुंगीचं नापास घरटं

बालवाडीतून मूल घरी येतं तेव्हा त्याच्या दप्तरात रिकामा डबा असतो, अर्धी बाटली पाणी असतं आणि आठवड्यातून एकदा आईबापांसाठी गृहपाठ असतो. गृहपाठ मुलाच्या नावाने येतो, एवढंच. चार-पाच वर्षांच्या पोराला वाचता येत नाही, तेव्हा 'प्रिय बालमित्रांनो' अशी सुरुवात असलेला कागद कोणासाठी छापलेला असतो हे बालवाडीलाही ठाऊक असतं आणि आईबापांनाही. पण दोन्हीकडची मंडळी इतकी सभ्य, की चेहऱ्यावरची रेष हलू देत नाहीत.

त्या शुक्रवारी आलेला कागद असा होता : 'प्रिय बालमित्रांनो, निसर्ग आपला मित्र आहे. चला, त्याच्याकडून साहित्य घेऊन आपल्या चिमुकल्या हातांनी काहीतरी घडवू या! पुढच्या शनिवारी प्रदर्शन. विषय : पक्ष्याचं घरटं.' आणि खाली, औषधाच्या बाटलीवर असतात तशा बारीक अक्षरांत : 'मुलांचे हात व गणवेश खराब होणार नाहीत याची पालकांनी दक्षता घ्यावी. बाहेरची माती, पाने व काड्या वापरू नयेत. निसर्गपेटी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात उपलब्ध आहे.'

म्हणजे निसर्ग मित्र खरा, पण घरात घेण्याच्या लायकीचा नव्हे. त्याने दुकानात जाऊन अंघोळ करून, पेटीत बसून यायचं.

हा कागद ज्या घरात आला, त्या घरातला बाप बिस्किटांच्या कारखान्यात तपासनीस होता. पट्ट्यावरून बिस्किटं सरकत येतात. कड तुटलेलं, जास्त भाजलेलं, नक्षी पुसट झालेलं बिस्किट उचलायचं आणि 'नापास' म्हणून बाजूच्या पिंपात टाकायचं, हे त्याचं काम. सोळा वर्षं तो हेच करत होता. सोळा वर्षं फक्त वाईट शोधणाऱ्या माणसाला हळूहळू चांगलं दिसेनासं होतं. बघायचं तरी कशाला? चांगलं आपलं आपण पुढे सरकत जातं. कारखान्यात त्याला सगळे 'तपासनीस' म्हणत, आणि चष्म्याच्या दुकानात काम करणारी त्याची बायकोही चिडली की तेच म्हणे. आपणही तेच म्हणू.

त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला घरात 'मुंगी' म्हणत. दीड वर्षाची असताना ती मुंग्यांच्या रांगेमागे रांगत गेली होती, म्हणून हे नाव. तिला जमिनीवर मोकळं सोडण्याची ती शेवटची वेळ. तिथून उचलून जी धुतली, ती आजवर धुतच होते.

मुंगी बाहेरून आली, की दारातच तपासनीस म्हणे, "हात!" पोर दोन्ही तळवे पुढे करी. तो आधी तळवे बघे, मग उलटे करून नखं बघे. "पास," म्हटलं की आत प्रवेश. "नापास" म्हटलं की साबण. त्यात राग नव्हता, आवाजही चढत नसे. इतकं शांतपणे तर तो बिस्किटही टाकत नसेल. बालवाडीच्या प्रगतिपत्रकात मुंगीपुढे तीनच शब्द होते : 'शांत. कपडे स्वच्छ.' ते पत्रक बापाने फ्रिजवर लावलं होतं.

आता थोडा वेळेचा हिशेब मांडू. लिफ्टमधून उतरल्यापासून गाडीपर्यंत : दीड मिनिट. गाडीपासून बालवाडीचं फाटक : अर्धं मिनिट. येताना पुन्हा तेवढंच. एकूण चार मिनिटं. पाच वर्षांची पोर दिवसाकाठी चार मिनिटं आभाळाखाली असे, आणि त्यातलंही एक मिनिट तपासनीस छत्री धरी. कैद्यालासुद्धा याहून जास्त वेळ अंगणात सोडतात. पण कैद्याचे हात कोणी तपासत नाही, हा मुद्दा आहेच.

निसर्गपेटी आली. उघडली. आत दहा वाळलेली पानं होती. धुतलेली, इस्त्री केलेली आणि वर हिरवा रंग मारलेली. वाळलेलं पान हिरवं नसतं ही निसर्गाची चूक दुकानदाराने दुरुस्त करून दिली होती. काड्या होत्या, घासून गुळगुळीत केलेल्या. कापसाची दोन पिल्लं होती, हसणारी. आणि एका पारदर्शक पिशवीत मूठभर माती. तिच्यावर चिठ्ठी : 'निर्जंतुक. वासरहित.'

गंमत अशी, की खुद्द बालवाडीच्या अंगणात तीन भलीमोठी झाडं होती. ती रोज पानं गाळत. पण झाडणाऱ्या मावशींना सक्त ताकीद होती, की मुलं यायच्या आत एकूण एक पान उचलून पोत्यात भरायचं. मागल्या वर्षी एका आईने लेखी तक्रार केली होती : 'माझा मुलगा केसात पान घेऊन घरी आला.' केसात पान! बिचाऱ्या आईला केवढा धक्का बसला असेल. तेव्हापासून मावशी रोज सकाळी खरा निसर्ग पोत्यांत कोंबत, आणि दुपारी मुलांचे आईबाप कोपऱ्यावरून खोटा विकत घेत.

त्याच आठवड्यात तपासनिसाची थोरली बहीण गुडघ्याच्या उपचारांसाठी दहा दिवस राहायला आली. ती गावाबाहेरच्या एका रोपवाटिकेत कलमं बांधते. तीस वर्षं मातीत काम केल्याने तिच्या नखांखाली एक काळी रेघ कायमची बसली आहे. साबणाने जात नाही आणि ती जावी असं तिला वाटतही नाही.

दारात तिने पिशवी खाली ठेवली, तशी मुंगी पुढे झाली, तिने आत्याचे हात धरले, उलटेसुलटे केले आणि वळून म्हणाली, "बाबा, आत्याचे हात नापास."

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "मग आता माझं काय करणार? पिंपात टाकणार?"

तपासनीस ओशाळून हसला. पण आतून त्याला पोरीचं कौतुकच वाटलं. धंद्यातला डोळा तयार होत होता.

सोमवारी संध्याकाळी आत्या मुंगीला घेऊन इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर गेली. बांधकाम अर्ध्यात थांबल्यामुळे तिथे गुडघाभर गवत माजलं होतं. गुडघा दुखणाऱ्या बाईला तिथे चालता येत होतं. धडधाकट माणसांना मात्र आजवर तो प्लॉट नुसता खिडकीतून दिसला होता, तोही 'केवढी घाण' म्हणायला.

गवताच्या कडेला पोचताच मुंगीने दोन्ही हात डोक्यावर धरले.

"हात वर का गं? मी काय दरोडा घालायला आलेय?"

"लागेल ना."

"काय लागेल?"

मुंगीने विचार केला. "खाली आहे ते," ती म्हणाली.

आत्या हसली नाही. बसायला दगड शोधून ती गवताच्या काडीला गाठ मारत बसली. मुंगी तिथेच उभी, हात वर. पंधरा मिनिटांनी हात दुखले तेव्हा ते आपोआप खाली आले. पहिल्या दिवसाची कमाई तेवढीच.

मंगळवारी तिने एक बोट गवताला लावून बघितलं, मग ते बोट बघितलं. काही झालं नव्हतं. बुधवारी प्लॉटवरच्या नळाखाली चिखल सापडला. मुंगीने तो बोटावर घेतला, नाकाजवळ नेला आणि ओरडली, "आत्या, याला वास आहे!"

"मग? नसावा?"

"पेटीतल्या मातीला नाही."

"मेलेल्या मातीला कुठला वास," आत्या म्हणाली. "बरं, घरटं करायचंय ना तुला? एकच सांगते. पक्ष्याला हात नसतात, चोच असते. तू दोनच बोटं वापरायची. अंगठा आणि हे. झाली चोच."

मग काय विचारता! बुधवारची आणि गुरुवारची संध्याकाळ मुंगी दोन बोटांची चोच करून प्लॉटभर फिरली. काड्या, सुकलं गवत, सुतळीचा तुकडा, कुठलंसं मऊ पीस. घरटं चार वेळा कोसळलं. पहिल्यांदा ती रडली, दुसऱ्यांदा तिने आत्याकडे बघितलं. आत्या भलतीकडेच बघत होती. तिसऱ्यांदा मुंगी स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. चौथ्यांदा तिने वेडीवाकडी, फाटा फुटलेली काडी शोधून आणली, कारण सरळ काडी निसटते आणि वाकडी अडकते हे तिला कळलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं! पाचव्यांदा घरटं टिकलं. शेवटी तिने आत्याच्या वेणीतून निघालेला एक पांढरा केस आत गोल फिरवून बसवला.

गुरुवारी तपासनीस कारखान्यातून आला तेव्हा ते घरटं जेवणाच्या टेबलावर होतं, आणि टेबलामागे मुंगी, कानापर्यंत हसत.

"ताई, हे काय आहे?"

"तुझ्या लेकीने केलंय."

त्याने घरटं दिव्याखाली धरलं. सोळा वर्षांची सवय. डोळा आपणहून कामाला लागला. "कड सुटलीय. एका बाजूला दोन बोटं उंच. तळाला फट. आणि हा केस कोणाचा?"

"माझा."

"नापास," तपासनीस म्हणाला. दुसरा एखादा 'बरं' म्हणेल, तितक्या सहज.

मुंगीचं हसू कुठवर आलं होतं आणि कुठे गेलं, हे त्याला दिसलं नाही. तो तळाची फट बघत होता.

"अरे, ते काय बिस्किट आहे?" आत्या म्हणाली.

"ताई, तुला कळत नाही. चाळीस घरटी मांडणार आहेत. त्यात हे ठेवलं तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पाच वर्षांच्या पोरीने केलंय. खरं तेच म्हणतील की!"

"सगळ्यांचे आईबापच करून देतात," तपासनिसाची बायको आतून म्हणाली. "आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक आहे, त्यांनी तर दुमजली केलंय म्हणे. जिना आहे."

"पक्ष्याला जिना?" आत्याने विचारलं. "त्याचे पाय दुखतात का माझ्यासारखे?"

"आणि हिचे हात बघ!" तपासनीस म्हणाला. "नखात माती आहे, ताई!"

"आहे. आणि त्या नखांत गेल्या तीन दिवसांत जेवढी अक्कल आलीय, तेवढी तुमच्या त्या पेटीत मावणार नाही. ऐक, डबक्या."

तपासनीस दचकला. या नावाने त्याला तीस वर्षांत कोणी हाक मारली नव्हती.

"शाळेतून येताना एक डबकं सोडायचा नाहीस तू. आई दोन बादल्या पाणी घेऊन दारात उभी असायची. आठवतं का काही?"

"ताई, हळू. ती ऐकतेय."

"ऐकू दे. आमच्याकडे कामाला शिकलीसवरलेली पोरं येतात. कलमाला दोरी गुंडाळ म्हटलं, तर बोटं आडवी की उभी ते कळत नाही. विचारते, लहानपणी काय केलंस रे? म्हणतात, काही नाही, घरचे करायचे. बोटं आहेत दहा. पण पाकिटातून बाहेर काढलेलीच नाहीत! तू पोरीचे हात स्वच्छ ठेवलेस, मान्य. वापरायला कधी देणार आहेस?"

तपासनिसाने अशी माणसं करतात तेच केलं : विषय बदलला. घरटं उचलून त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, एसीच्या डब्यावर ठेवलं. "सकाळी कचऱ्यात जाईल," तो म्हणाला, आणि सकाळी विसरला. कारण सकाळी त्याला मोठं काम होतं.

शुक्रवारी त्याने रजा घेतली. पोरीला ताप आला होता तेव्हा अर्धा दिवस घेतली होती, घरट्यासाठी पूर्ण. पट्टी, कातरी, गोंदाची नळी मांडून तो बसला. साठ काड्या, प्रत्येक बरोबर सात सेंटीमीटर. अकरा त्याने नापास केल्या.

"मी काय करू?" मुंगीने विचारलं.

"तू बघ."

"मी गोंद देऊ?"

"सांडशील."

"मी पिल्लू धरू?"

"मळेल. तू लांबून बघ, राणी."

राणीने दहा मिनिटं लांबून बघितलं. मग ती भिंतीकडे बघू लागली. घरटं संध्याकाळपर्यंत तयार झालं आणि ते इतकं गोल होतं, की कंपास लाजावा. तपासनिसाने त्याच्यासमोर उभं राहून दोनदा मान डोलावली. त्याच्या आयुष्यात प्रथमच काहीतरी एका फटक्यात पास झालं होतं, आणि ते त्याने स्वतःच केलेलं होतं.

त्या संध्याकाळी मुंगी फ्रॉकची बटणं न लावताच आली. "तुम्ही लावा," ती म्हणाली. "माझं नापास होतं."

दुधाचा पेला समोर ठेवला. "तुम्ही धरा. माझ्याकडून सांडेल."

चित्राची वही तिने स्वतःहून आईकडे सरकवली. "तू काढ ना. तुझं छान येतं."

"लाडात आलीय," आई हसून म्हणाली.

आत्या हसली नाही. पोरीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, हे तिने बघितलं होतं. "लाडात नाही आली," ती म्हणाली. "संपावर गेलीय. आणि डबक्या, ती एकदा पुरती संपावर गेली ना, तर तिचे हात तिला परत मिळवून द्यायला तुझा बिस्किटांचा सबंध कारखाना पुरायचा नाही."

शनिवार उजाडला. तपासनीस, त्याची बायको आणि आत्या, तिघंही प्रदर्शनाला गेली. बालवाडीच्या दालनात चाळीस टेबलं, चाळीस घरटी, आणि प्रत्येकापुढे पाटी : 'कृपया हात लावू नये.' टेबलांमागे मुलं उभी होती, हात पाठीशी. स्वतःच्या म्हणवल्या जाणाऱ्या वस्तूला हात लावायची बंदी फक्त दोघांना असते, संग्रहालयातल्या पाहुण्यांना आणि बालवाडीतल्या मुलांना.

आणि घरटी तरी काय एकेक! जिन्याचं दुमजली होतं. एकात दिवे लुकलुकत होते. एकात बॅटरीवरचा पक्षी बसला होता. तो दर वीस सेकंदांनी शीळ घालायचा आणि शीळ घालताना त्याची शेपूट निघायची. चाळीस घरट्यांत एकाही पक्ष्याला रात्र काढता आली नसती. पण फोटो सगळ्यांचे चांगले आले. आईबाप एकमेकांना सांगत होते, "अगदी स्वतःच करायचा हट्ट हो त्याचा!" आणि ऐकणारे म्हणत होते, "आमचीही तशीच!" इतकं खोटं इतक्या कमी जागेत, इतक्या प्रेमाने बोललं जाताना क्वचितच ऐकायला मिळतं.

परीक्षक म्हणून एका निवृत्त वनरक्षकाला बोलावलं होतं. मोठ्या बाईंना, म्हणजे बालवाडीच्या मुख्याध्यापिकांना, फोटोत गणवेश हवा होता. म्हातारा साधा सदरा घालून आला, तिथेच त्यांचा अर्धा उत्साह मावळला.

म्हाताऱ्याने पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत फेरी मारली. मुंगीच्या टेबलापाशी तो थांबला. घरटं उचललं, गोल फिरवलं.

"फार नीटनेटकं आहे," वनरक्षक म्हणाला. मग मुंगीपुढे वाकला. "हे कोणी केलं, बेटा?"

मुंगीने पाठीमागचा एक हात काढला आणि बापाकडे बोट दाखवलं.

"आणि तुझं?" त्याने शेजारच्या मुलाला विचारलं. बोट आईकडे. "तुझं?" बोट बाबांकडे. "तुझं?" बोट मामाकडे. बघता बघता चाळीसच्या चाळीस बोटं भिंतीलगतच्या खुर्च्यांकडे रोखली गेली. मुलं अजून खोटं बोलायला शिकली नव्हती. तो पाठ पुढच्या वर्गात असतो.

"असं होय," वनरक्षक म्हणाला आणि तपासनिसाकडे वळला. "या साहेब, पुढे या. पहिलं बक्षीस तुमचंच दिसतंय. वय काय आपलं?"

"अ... अडतीस."

"अरेरे. गट चार ते सहाचा आहे."

कोणीतरी हसलं. तपासनिसाचे कान लाल झाले. मोठ्या बाई घाईघाईने म्हणाल्या, "पालकांचं थोडं मार्गदर्शन असतंच हो..."

"असावंच. आता मुलांचं बघू. चला रे, अंगणात! तिथे करून दाखवा मला घरटं."

सगळी वरात अंगणात आली. वनरक्षकाने वर झाडांकडे बघितलं, मग खाली फरशीकडे. "एवढी तीन झाडं, आणि खाली एक पान नाही? झाडं खोटी आहेत का?"

कोपऱ्यात झाडणाऱ्या मावशी उभ्या होत्या. वर्षभर त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. "खरी आहेत, साहेब," त्या म्हणाल्या. "पानं माझ्याकडे आहेत." आणि मोठ्या बाई 'नको' म्हणायच्या आत त्यांनी एकामागून एक पाच पोती अंगणाच्या मधोमध उपडी केली. पानं, काड्या, शेंगा, साली, पिसं! कमरेइतका ढीग! वर त्यांनी आळ्यातली माती भिजवून बादलीभर चिखलही आणून ठेवला.

"अहो, गणवेश!" मोठ्या बाई ओरडल्या. "फरशी! अहो, फोटो!"

मुलं ढिगाभोवती गोठून उभी राहिली. मग एका धिटुकल्या मुलीने ढिगाला हळूच लाथ मारून बघितली. पानं सळसळली. पुढच्या मिनिटाला ढिगात फक्त पाठी आणि बूट दिसत होते.

एक मुंगी तेवढी बाहेर. ती बापाकडे चालत आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही तळवे पुढे केले.

"बाबा, आधी बघून घ्या. आत्ता पास आहेत ना?"

"हो."

"तिकडे गेले की नापास होतील." ती थोडी थांबली. "मग मी नाही जात."

तपासनिसाने ते तळवे बघितले. सोळा वर्षांत प्रथमच त्याने दोष न शोधता एखादी वस्तू बघितली. तळव्यांवर काही नव्हतं. एक ओरखडा नाही, एक डाग नाही, कुठे पडल्याची खूण नाही. पाच वर्षं वापरलेले हात, आणि पाकिटातून आत्ताच काढल्यासारखे! इतका निर्दोष माल त्याच्या हाताखालून कधी गेला नव्हता. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला निर्दोष मालाची भीती वाटली. हे हात काही करतच नाहीत! आणि ते मीच बंद केले! मीच, रोज, दारात उभा राहून!

त्याने बहिणीकडे बघितलं. तिने फक्त बादलीकडे बघितलं.

तपासनिसाने घड्याळ काढून बायकोच्या हातात दिलं. मग इस्त्रीच्या पँटसकट तो बादलीपाशी गुडघ्यांवर बसला आणि त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात घातले!

"शी!" कोणीतरी म्हणालं. नाही, सगळेच म्हणाले.

त्याने हात बाहेर काढून मुंगीपुढे धरले. "बघ," तो म्हणाला. "तपास."

मुंगीने ते हात धरले. आधी तळवे बघितले, मग उलटे करून नखं. "बाबा," ती हलकेच म्हणाली, "नखातसुद्धा आहे."

"हो. मग? मी पळून गेलो का?"

तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. बापाचे हात धरल्यामुळे तेही माखले होते. आभाळ कोसळलं नव्हतं. मग तिने अंगठा आणि शेजारचं बोट जुळवून चोच केली आणि ती चोच बापाच्या नाकापुढे धरून म्हणाली, "असं धरायचं. पूर्ण हात नाही. आणि सरळ काडी घ्यायची नाही, निसटते. मी सांगते तशी आणा."

साठ काड्या सारख्या कापणारा तपासनीस पुढचा तासभर लेकीसाठी वाकड्या काड्या शोधत फिरला. त्यातल्या निम्म्या तिने नापास केल्या. बक्षिसाचा चषक त्या दिवशी कोणालाच मिळाला नाही. वनरक्षकाने तो चिखलात पाणी घालायला मुलांना देऊन टाकला, आणि तयार झाल्यापासून त्या चषकाचा झालेला हा पहिलाच उपयोग.

घरी परतल्यावर पाणी पिता पिता तपासनिसाला खिडकीबाहेर हालचाल दिसली. एसीच्या डब्यावर ते टाकून दिलेलं घरटं अजून तसंच होतं, आणि एक चिमणी त्यातली सुतळी ओढत होती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सुतळी सुटली. चिमणी ती चोचीत धरून उडाली.

"माझं घरटं नेतेय!" मुंगी किंचाळली.

"अगं, नेऊ दे!" आत्या म्हणाली. "ती घर बांधतेय. तिला हवा तसला माल तुझ्याकडेच मिळाला."

तपासनिसाने मुकाट्याने आपलं गोल गरगरीत घरटं आणून शेजारी ठेवलं. पुढचे चार दिवस तो कामावर जाण्यापूर्वी तिथे बघत असे. निकाल असा : मुंगीच्या घरट्यातून सुतळी, पीस, नऊ काड्या आणि आत्याचा केससुद्धा गेला. तपासनिसाच्या घरट्याला चोच लागली नाही. पाचव्या दिवशी ते त्याने स्वतः उचलून पिंपात टाकलं. हे मात्र त्याचं सोळा वर्षांतलं सर्वांत अचूक काम होतं.

बालवाडीत आता मावशी पानं झाडतात ती मुलं घरी गेल्यावर. दोन घरांनी आपली मुलं तिथून काढली. ती मुलं आता जिथे जातात तिथे भिंतीवर झाडं रंगवलेली आहेत. पानं गळायचा प्रश्नच नाही. त्यांना आपल्या शुभेच्छा.

वाचकहो, तपासनिसाला हसून तुम्हाआम्हाला सुटता येणार नाही. आपल्याही दारात असाच एक तपासनीस उभा असतो. मूल मातीत हात घालतं तेव्हा 'शी' कोण म्हणतं? त्याने काढलेली वाकडी रेघ खोडून सरळ कोण करतं? मुलाच्या नावाने मिळालेलं बक्षीस कपाटात कोण मांडतं? जरा आपल्या घरातली मिनिटं मोजा. तुमचं मूल रोज किती वेळ आभाळाखाली असतं, आणि त्यात किती वेळ त्याचे हात मोकळे असतात? मातीने मळलेले हात पाण्याने धुता येतात. 'मला येत नाही' हा डाग मात्र एकदा बसला, की जन्मभर जात नाही; आणि तो मातीने लागत नाही, तो आपल्या तोंडून लागतो. निसर्ग मुलांना पेटीतून देऊ नका. दार उघडा, आणि जमलं तर स्वतः दारातून बाजूला व्हा.

दहा दिवसांनी आत्या आपल्या रोपवाटिकेत परत गेली. त्या संध्याकाळी तपासनीस कारखान्यातून घरी आला तेव्हा दारात मुंगी उभी होती. गुडघे मातीचे, केसात पान.

"हात!" ती म्हणाली.

तपासनिसाने दोन्ही तळवे पुढे केले. दिवसभर हातमोज्यांत राहिलेले, पांढरेफटक, निर्मळ हात. मुंगीने ते उलटेसुलटे करून बघितले, नखं बघितली आणि मान हलवली.

"नापास," ती म्हणाली. "चला प्लॉटवर."